उगाचवाला

रविवारची गोष्ट, आज बुधवार. लिंबू झालं, खायचा सोडा झाला, भांड्यांचा साबण झाला, बायकोच्या नकळत तिचा शाम्पूसुद्धा झाला. सायकलच्या हँडलला ओल्या बोंबलाचा वास येतोच आहे. हँडलच्या मुठी रबराच्या आहेत, आणि रबराने एकदा बोंबलाला आपलं म्हटलं की विषय संपला.

प्रवासवर्णन लिहीत नाही, घाबरू नका. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने पाच दिवस सायकल हाणली. जयगड, दाभोळ, बाणकोट, दिघी अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या आणि रविवारी सकाळी रेवसच्या लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरलो. धक्क्याबाहेर चहाची टपरी. टपरीला टेकवलेली एक काळी, बावीस इंची, घोडा-हँडलची सायकल. कॅरियरवर निळ्या ताडपत्रीचं बोचकं, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेलं. पुढे हँडलला पत्र्याची पाटी: ‘पाणी वाचवा, जीवन वाचवा’. शेजारी साठीतले एक गृहस्थ बशीतून चहा पीत होते. वर्ध्याचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. अमरावती, अकोला, धुळे, नाशिक करत कसारा घाट उतरून आले होते आणि मी आलो त्याच वाटेने कोकणात निघाले होते.

सामान लादलेले दोन सायकलवाले समोरासमोर आले की एक विधी होतो. नाव कोणी विचारत नाही. आधी एकमेकांचे टायर बघायचे, मग माणूस. मग कुठून, कुठे, रोज किती, पंक्चर किती. पंक्चरच्या आकड्यात दोघंही एकदोन कमी सांगतात. लग्नाच्या बाजारात पगार फुगवतात, हे त्याच्या उलट. एवढं झालं की मूळ मुद्दा.

“कुत्रे कुठंकुठं आहेत, ते सांगा पह्यले,” गुरुजी म्हणाले.

मी सुखावलो. पाच दिवसांत पहिल्यांदा मला कोणी कामाचा प्रश्न विचारला होता. मी नकाशा उघडला. कुठल्या देवळामागे तिघं झोपतात, कुठल्या वळणावर तपकिरी कुत्री पिल्लं घेऊन बसते, कुठे नुसतं उतरून उभं राहिलं की त्यांचा विरस होतो, सगळं सांगितलं. गुरुजींनी कसाऱ्याच्या बाजूचे त्यांचे सांगितले. मग आवाज खाली घेऊन बसायच्या जागेची चौकशी झाली. मी औषधाच्या दुकानातल्या महागड्या मलमाचं नाव घेतलं. गुरुजी म्हणाले, “खोबरेल लावा, भाऊ. मले तं खोबरेलच मानवते.” मी आता त्यांना आरावीचा समुद्राकाठचा रस्ता सांगणार होतो. श्रीवर्धन ते दिवेआगर, डावीकडे नुसतं पाणी... नाही, ते खाली जाणार म्हणजे त्यांच्या उजवीकडे. एवढा विचार करेपर्यंत काका आले.

रविवारी मासळी घ्यायला धक्क्यावर येणारे काका. अर्धी चड्डी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. (मासळी घ्यायला पेन कशाला लागतं?) हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत ओले बोंबील, पिशवीला बारीक भोक.

काकांनी पाटी मोठ्याने वाचली. गुरुजींना नमस्कार केला. मग माझ्या सायकलला एक फेरी मारली, पुढून आणि मागून. पाटी सापडली नाही.

“तुमचा संदेश काय?”

“कसला संदेश?”

“म्हणजे जनजागृती कशाची करताय?”

“कशाचीच नाही.”

“मग रेकॉर्ड वगैरे?”

“नाही हो.”

“नवस?”

“नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय?” हे जरा हळू आवाजात.

“नाही, काका. सुट्टी होती, म्हणून.”

“सुट्टीत माणूस घरी झोपतो.” काकांनी टपरीवाल्याकडे पाहिलं. तोही झोपेच्या बाजूने होता. “नोकरी आहे ना?”

“आहे.”

“मिसेस?”

“आहे.”

“मग?”

या ‘मग’ला काय उत्तर आहे? नोकरी आणि बायको शाबूत असताना माणूस रत्नागिरीहून सायकलवर का येईल, याचा काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर माझी खरी काळजी दिसत होती. अखेर निकाल लागला.

“म्हणजे उगाच.”

खोटं कशाला बोलू, शब्द लागला. पाच दिवसांत चढ लागले, ऊन लागलं, दापोलीजवळ एका म्हशीचं शिंगसुद्धा लागलं. ‘उगाच’ सगळ्यात जास्त लागला. कारण तो बरोबर होता.

काका थांबले असते तर ठीक. पण रिकामा दिसलेल्या माणसाला सल्ला देणं हे या शहरात कर्तव्य मानतात.

“आणि लाँचने कशाला आलात? सेतू झालाय की आता. वीस मिनिटं.”

“सेतूवर सायकल चालत नाही, काका.”

“कोण म्हणतं?”

“बोर्ड आहे तिथे.”

“म्हणजे तुम्ही विचारलंच नाहीत.”

आता इथे विनोद बाजूला ठेवतो, कारण राग येतोच. २००९ साली वांद्रे-वरळी सी लिंक झाला, त्यावर सायकल नाही. पूर्व मुक्त मार्गावर नाही. कोस्टल रोडवर नाही. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला, शिवडीहून थेट पलीकडे. त्यावरही नाही, आणि मोटरसायकल नि रिक्षाही नाही. सायकलने मुंबईतून कोकणाच्या वाटेला लागायचं तर वाशीच्या पुलावर डंपरच्या पंखाखाली चालवा, नाहीतर लाँचवर सायकल आडवी करून तिच्या उशाला बसा. पवई तलावाच्या काठी सायकल ट्रॅक होणार होता, तो २०२२ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. ठरवला ते योग्यच केलं. तलावात भराव घाला असं कुठल्या सायकलवाल्याने सांगितलं होतं? आम्हाला रस्त्याच्या कडेला हातभर जागा हवी होती. ती सोडून सगळीकडे द्यायची तयारी.

आणि हे त्या शहरात, जिथून १९२३ साली सहा पारशी पोरं सायकलींवर बसून जग फिरायला निघाली. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ साली फेरी पुरी करून परत आले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! तेव्हाच्या रस्त्यांवर, वाळवंटांतून. मुंबईच्या वेशीवर त्यांना एखादे काका भेटले असतील का? ‘संदेश काय, डिकरा?’ भेटले असणारच.

तर काकांना फोटो हवा होता. गुरुजींबरोबर, पाटीसकट. फोटोसाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोंबलांची पिशवी माझ्या हँडलला अडकवली. विचारलं नाही. खुंटीला कोण विचारतं? मग फोन माझ्या हातात दिला.

“आडवा धरा. आडवा! पाटी पूर्ण आली पाहिजे. ‘जीवन’ आलं का? हां. ती तुमची सायकल मधे येतेय, जरा मागे घ्या.”

मी माझी सायकल, त्यांच्या बोंबलांसकट, मागे घेतली. सात फोटो काढले. पिशवीतून थेंब थेंब मुठीवर, मुठीवरून गिअरच्या खटक्यावर. सातव्या फोटोत काकांचे डोळे उघडे आले तेव्हा समारंभ संपला. काकांनी गुरुजींच्या हातावर शंभराची नोट ठेवली, गुरुजी ‘नको नको’ म्हणत असताना ठेवली, आणि चहाचे पैसे दिले. दोन कटिंगचे. त्यांचा आणि गुरुजींचा. माझ्या चहाकडे टपरीवाल्याने भुवईने खूण केली, आणि मी सुटे काढले.

निघताना काका मला म्हणाले, “पुढच्या वेळी काहीतरी लिहून घ्या. प्लास्टिक वगैरे. बरं दिसतं.” आणि प्लास्टिकची पिशवी हलवत गेले.

ते गेल्यावर गुरुजींनी माझ्याकडे थोड्या दयेने पाहिलं. “पाटी नाही काहून तुमच्याकडे?”

“मला काही सांगायचंच नाही लोकांना.”

“मले तरी कुठं सांगायचं आहे?” ते हसले. “पह्यल्या वर्षी बिनपाटीचा निघालो होतो. एका गावात पोरं पळवणारा समजले, दुसऱ्या गावात चादरी विकणारा. एक बाई तं भाव करू लागली. पाटी लावली, तवापासून शाळेत झोपाले जागा भेटते, पोलीस पाणी पाजते.” मग त्यांनी आजूबाजूला पाहून पाटी हळूच उलटी केली. मागे लिहिलं होतं, ‘व्यसन सोडा, संसार जोडा’.

“दोन कशाला?”

“गाव पाहून फिरवतो. कोकणात पाऊस इतका, तिथं पाणी वाचवा म्हटलं तर लोक हासतीन.”

इतक्या वर्षांच्या भटकंतीत इतका कामाचा सल्ला मला कोणी दिलेला नाही. लाँचचा भोंगा झाला. गुरुजींनी शंभराची नोट पाकिटात नीट घडी घालून ठेवली, खलाशाने त्यांची सायकल वर घेतली आणि ते गेले. आरावीचा रस्ता सांगायचा राहिलाच. कुत्रे तेवढे सगळे सांगून झाले होते.

घरी आलो. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी केली की हँडल बरोबर माणसाच्या नाकाशी येतं. सोबत समोरच्या काकू होत्या. पाच दिवस कुठे होतात, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एकदा वास घेतला, मग पुन्हा एकदा, नीट.

“धक्क्यावरून आणलेत वाटतं?”

“हो... म्हणजे, तिकडूनच आलो.”

“तरीच. आमच्याकडे दारावर येते तिचे इतके ताजे नसतात.” त्यांच्या नजरेत माझ्या सायकलीबद्दल, ती घेतल्यापासून प्रथमच, आदर होता. “पुढच्या रविवारी जाल तेव्हा अर्धा किलो मांदेली आणाल का?”

मला बरंच काही सांगता आलं असतं. तिसरा मजला आला होता.

“साफ करून आणू की तशीच?” मी विचारलं.