‘उबुंटू पुसली गेली’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

नमस्कार. लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला आमच्याकडून बसवून घेतलेली उबुंटू (लिनक्स प्रकारची संगणक यंत्रणा) काही दिवसांतच पुसली गेली, विंडोज पूर्वीपेक्षा सावकाश सुरू होऊ लागले आणि तासाभराच्या कामासाठी आम्ही बिटलॉकरची (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा अंकी संकेत, मागून लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. पैसे मोजून करून घेतलेले काम दिसेनासे झाले की संताप येणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून उबुंटू डिस्कवर जागेवरच असावी. कोणती यंत्रणा आधी सुरू करायची हा क्रम मदरबोर्डवरच्या मेमरीत नोंदलेला असतो. विंडोजच्या किंवा बायोसच्या (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची मूळ प्रणाली) एखाद्या अपडेटनंतर त्यात विंडोज बूट मॅनेजर पहिला येऊ शकतो आणि मग निवडीचा मेनू न दिसता थेट विंडोज उघडते. खात्रीसाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तेथे ॲडव्हान्स्ड स्टार्टअप आणि पुढे ‘यूज अ डिव्हाइस’ निवडून उबुंटूचे नाव दिसते का ते पाहावे. दिसल्यास क्रम पूर्ववत करणे हे काही मिनिटांचे काम आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट (दोन यंत्रणा असलेल्या) संगणकांवर लिनक्स सुरूच होईना, पण तेव्हा पडद्यावर सुरक्षा धोरणाच्या उल्लंघनाचा संदेश येत असे. तसा संदेश आपण पाहिलेला नाही, त्यामुळे ते कारण येथे लागू होत नाही.

विंडोज सावकाश सुरू होते, कारण आम्ही फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद केले आहे, आणि ते बंदच ठेवावे अशी माझी विनंती आहे. ते चालू असताना शटडाउन केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, त्याच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि अशा अर्धवट मिटलेल्या ड्राइव्हवर उबुंटूतून काही लिहिले गेल्यास फायली खराब होऊ शकतात. आपल्याला डी ड्राइव्हवरची कागदपत्रे दोन्हीकडून वापरायची आहेत, म्हणून ही काळजी अधिकच आवश्यक होती.

बूटची (संगणक सुरू होण्याची) रचना किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रोग्राम चालू देणारी तपासणी) बदलल्यावर बिटलॉकर ४८ अंकी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर ड्राइव्हवरची माहिती कोणालाही उघडता येत नाही. ती आपण स्वतः टाइप करावी एवढ्यासाठीच मागितली होती. दुकानात तिची नोंद ठेवली जात नाही. दोन दिवसांतला बहुतेक वेळ संपूर्ण डिस्कची प्रत घेण्यात आणि ती प्रत उघडते का हे तपासण्यात गेला. त्याआधी उबुंटूला जागा करण्यासाठी विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) लहान करण्यास आम्ही हात लावत नाही, आणि कितीही घाई असली तरी ही पद्धत मी बदलणार नाही.

लॅपटॉप दुकानात आणावा, क्रमाची दुरुस्ती विनामूल्य आपल्यासमोर करून देऊ. तोपर्यंत डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हच्या अक्षराविना दिसणारे कोणतेही पार्टिशन कृपया डिलीट किंवा फॉरमॅट करू नये. उबुंटू आणि आपण तिच्यात साठवलेल्या फायली अशाच एका पार्टिशनमध्ये आहेत.