लिपबामने टाकीचा स्फोट होत नाही

डायव्हिंग शिकायला निघालेल्या प्रत्येकीला हा मेसेज कुणी ना कुणी पाठवतंच. 'पाण्याखाली जाताना चेहऱ्याला, केसांना काहीही लावू नका! तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. क्रीमने मास्क आणि सूट विरघळतात. सुगंधाने शार्क येतात. पाण्याखाली ऊन लागतच नाही, मग सनस्क्रीन कशाला? त्यानेच जगातले प्रवाळ मेले. लावायचंच तर फक्त "रीफ सेफ" (प्रवाळाला अपाय न करणारं) लावा.' खाली जोडलेले हात आणि 'सर्वांना पाठवा'.

यातला सल्ला निम्माअधिक बरोबर आहे. कारणं मात्र भलतीच, आणि म्हणून लोक नको तिथे घाबरतात, हवं तिथे बेफिकीर राहतात.

आधी स्फोट. डायव्हरच्या पाठीवरच्या नेहमीच्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता श्वासात घेतोय तीच हवा, म्हणजे सुमारे 21 टक्के ऑक्सिजन, 200 बारच्या (वातावरणाच्या दाबाच्या जवळपास 200 पट) आसपास दाबून भरलेली असते. दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरमधून तोंडाशी येईपर्यंत तिचा दाब भोवतालच्या पाण्याइतका उतरलेला असतो. लिपबामने तिथे काही पेटत नाही. भीतीला मूळ मात्र आहे. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल यांचं खरोखरच जमत नाही. डीकॉम्प्रेशन सिकनेस (घाईने वर आल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार) झालेल्या डायव्हरला शुद्ध ऑक्सिजन देणाऱ्या उपचाराच्या चेंबरमध्ये नेण्याआधी मेकअप, लोशन, केसांचं तेल, हेअरस्प्रे सगळं उतरवायला लावतात. बोटीवर कुणाला आणीबाणीचा ऑक्सिजन देतानाही त्याच्या ओठांना पेट्रोलियम जेली नको. नियम तिथला आहे. मेसेजने तो उचलून टाकीला चिकटवला.

मास्क आणि सूट विरघळण्याचं म्हणाल तर सूट ज्याचा असतो ते नियोप्रीन हे रबर 1930 च्या दशकात बाजारात आलं तेच तेलाला दाद देत नाही या गुणावर. मास्कचा सिलिकॉनचा काठही एका डाइव्हमध्ये वितळत नाही. ड्रायसूटच्या (आत पाणी येऊ न देणाऱ्या सूटच्या) गळ्यामनगटाशी लेटेक्सच्या पट्ट्या असतील तर गोष्ट वेगळी, तेलाने त्या खरंच खराब होतात. पण पहिल्यांदा डायव्हिंगला जाणारी बहुधा ड्रायसूट घालत नाही.

क्रीमचा खरा त्रास याहून फार साधा आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. मी एकदा कपाळभर सनस्क्रीन थापून लगेच मास्क चढवला होता. चढवताना एक बोट काचेला आतून लागलं. खाली गेल्यावर नेमकं त्या बोटाच्या ठशाभोवती धुकं जमायला लागलं. काठ कपाळावर घसरत होता, कडेने पाणी झिरपत होतं आणि येताना सनस्क्रीन घेऊन येत होतं. डोळे असे झोंबले की दाबमापकावरचा काटा दिसेना. शेवटी मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेतलं, पापण्यांची उघडझाप करून डोळे धुतले आणि नाकाने फुंकून पाणी काढलं. हे जमतं, शिकवतातही. पण पहिल्याच डाइव्हला डोळे मिटलेले असताना माणूस घाबरून वर धावतो, आणि धोका त्या धावण्यात आहे. वॉटरप्रूफ मस्काराचंही तेच. त्याचा कण डोळ्यात गेला तर मास्क काढून चोळायची सोय नसते. (लिपस्टिक फोटोसाठी लावत असाल तर, लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मावळतो. लाइट नसेल तर दहा मीटरवर ओठ मातकट दिसतात.)

शार्कबद्दल एवढंच: अत्तरामागे शार्क येतात याला आधार नाही. चकाकणारे दागिने मात्र काढून ठेवावेत, माशाच्या खवल्यांसारखे दिसतात.

'पाण्याखाली ऊन लागत नाही' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. स्वच्छ पाण्यात अतिनील किरणं कित्येक मीटर खाली पोचतात. शिवाय डायव्हिंगचा दिवस म्हणजे बराचसा बोटीवरचाच दिवस. दोन डाइव्हच्या मधला तास-दीड तास, ओलं अंग, वारा लागत असल्यामुळे न जाणवणारं ऊन. मान आणि पोटऱ्या तिथेच भाजतात.

आणि प्रवाळ. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांनी प्रवाळाच्या अळ्यांना इजा होते हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पलाऊ या बेटदेशाने 2020 पासून, हवाईने 2021 पासून अशा काही घटकांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली. ती योग्यच वाटते मला. पण प्रयोगातलं प्रमाण आणि खुल्या समुद्रातलं प्रमाण यांत अनेकदा मोठी तफावत असते, आणि प्रवाळ एवढ्या प्रमाणात पांढरे पडतायत ते मुख्यतः तापलेल्या पाण्याने. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालेली चौथी जागतिक ब्लीचिंगची (प्रवाळ पांढरे पडण्याची) लाट उष्णतेचीच होती. 'रीफ सेफ' या शब्दांना तर अमेरिकेतही कायदेशीर व्याख्या नाही. बाटली उलटी करून घटक वाचावे लागतात.

त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट शर्ट) आणि टोपी बरी. जेवढं उघडं राहील तेवढ्यालाच सनस्क्रीन, तेही निघण्याआधी अर्धा तास, मास्कचा काठ बसतो ती कड सोडून. मग हात पुसून मास्कला हात लावायचा.

केसांचं तेल मास्कचा पट्टा घसरवतं, हे खरं. पण इतक्या डाइव्हमध्ये माझा मास्क सगळ्यात जास्त वेळा गळला तो क्रीमने नाही, तेलानेही नाही. वेणीतून सुटून काठाखाली अडकलेल्या चार केसांनी.