बैठकांचा खर्च: नामंजूर

आज दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. मराठवाड्यात एका छोट्या संस्थेत काम करते, नाव नको. एका कंपनीकडे पाठवलेला पाणलोटाचा, म्हणजे डोंगरावरचं पावसाचं पाणी अडवून जिरवायचा, प्रस्ताव परत आलाय. मंजूर आहे बरं का. चर मंजूर, दगडी बांध मंजूर, सिमेंट बंधारा मंजूर, बंधाऱ्यावर कंपनीच्या नावाचा फलक तर हवाच आहे. फक्त एक ओळ लाल केलीये: गावातल्या बैठका आणि दोन कार्यकर्त्यांचे पगार. शेजारी शेरा, 'अनुत्पादक खर्च'.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

मी काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेसाठी अहवाल लिहायची. बीड आणि नगरच्या हद्दीवरचं एक गाव होतं, वर उघडाबोडका डोंगर. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आधी माथ्यावर समतल चर, गवत, झाडं, मग उतारावर बांध, बंधारा सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर बंधाऱ्यात पाण्याऐवजी गाळ साठतो. आणि माथ्यावरचं गवत, रोपं जगवायची तर तिथे चराईबंदी लागते. हे सगळं त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात जवळजवळ ठरलंच होतं. माना डोलत होत्या. तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेली एक मावशी उठली. नवरा नाही, जमीन नाही, चार शेळ्या. म्हणाली, "डोंगर बंद करताय तर करा. माझ्या शेळ्या काय तुमच्या मीटिंगला बांधू?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "बस खाली." ती बसली नाही.

आता नीट बघा ती काय म्हणत होती. माथ्यावर गायरान आणि वनखात्याची जमीन. तिथे कोण चारतं? ज्याला स्वतःचं रान नाही तो. अडवलेलं पाणी झिरपून कुठे येतं? पायथ्याच्या विहिरींना. विहिरी कुणाच्या? ज्यांना रान आहे त्यांच्या. म्हणजे चारा हिचा बंद, आणि उन्हाळी कांदा दुसऱ्याचा. इंजिनियरच्या नकाशात उतार होता, मातीचा प्रकार होता, पाऊसमान होतं. हे नव्हतं.

त्या रात्री काही ठरलं नाही. संस्थेचा कार्यकर्ता, एक पोरगाच होता, पुन्हा पुन्हा जात राहिला. पारावर, मग एकेकाच्या ओट्यावर, मग फक्त बायकांची वेगळी बैठक. महिने गेले. शेवटी तोडगा निघाला: डोंगराची एक बाजू चराईला उघडी राहील. बंद बाजूचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांचा, फुकट. चर खोदायच्या मजुरीतही आधी त्यांचा नंबर. कुठल्याही सल्लागाराने हे आखून दिलं नव्हतं. भांडून भांडून निघालं. आणि ते भांडण मिटेपर्यंत जो पोरगा तिथे ठाण मांडून बसला, त्याचा पगार म्हणजे आज लाल केलेली ओळ.

महाराष्ट्रात बसून हे समजावून सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदरमध्ये नायगावला काम करायला लागले. माणूस इंजिनियर, कारखानदार. पाइप आणि पंप त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्यांची पाणी पंचायत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी उचलून वाटून घ्यायची योजना, ओळखली जाते ती नियमांसाठी. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. यातलं एक कलम कुठल्या सिमेंटच्या एस्टिमेटमध्ये बसतं ते मला दाखवा.

जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले ते आरोग्याचं काम करायला. लोक म्हणाले, आधी पाण्याचं बघा. डॉक्टरांनी पाण्याचं बघितलं. बोअर घेतले, ते बरेचसे दलित वस्तीत, म्हणजे ज्याला पाणी हवं त्याने तिथे यावं. पुढे ज्या गावच्या बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि गडचिरोलीतलं मेंढा-लेखा? तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवतच नाही, सर्वसहमती होईपर्यंत बसते. आमच्या या साहेबांच्या हिशेबाने केवढा अनुत्पादक वेळ! त्याच ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे तिने स्वतःचा बांबू स्वतः विकला.

आमच्या मावशीच्या गावात असा सर्वसहमतीचा नियम असता तर तिला उभं राहून हसं करून घ्यावं लागलं नसतं.

हो, माहितीये. संस्थांमध्येही एकेक नग आहेत. खोट्या सह्यांची हजेरीपत्रकं, बैठकीच्या नावाने जीप पळवणं, सगळं पाहिलंय. पण सिमेंट खाणारा ठेकेदार सापडला म्हणून कुणी सिमेंटची ओळ खोडत नाही ना?

आणि 'लोकसहभाग' या नावाखाली जे चालतं त्याचंही मला कौतुक नाही. गाव म्हणजे गोकुळ नव्हे. कितीदा तरी समिती म्हणजे सरपंच, सरपंचाचा भाचा आणि सहीपुरत्या दोन बायका. श्रमदान तर विचारूच नका. मजुराचं श्रमदान म्हणजे त्या दिवसाची चूल. ज्याच्या विहिरीला पाणी येणार तो कुदळ धरून फोटोपुरता उभा. गावाचा हिस्सा असल्याशिवाय काम टिकत नाही हे मान्य, पाणी पंचायतीतही शेतकऱ्यांना खर्चाचा 20 टक्के वाटा भरावा लागायचा. पण तिथे भरणाऱ्याला पाणी मिळत होतं. मावशीकडून श्रमदान मागायचं, तिचा डोंगरही बंद करायचा, आणि अहवालात तिला 'लाभार्थी' म्हणून मोजायचं, हा निर्लज्जपणा आहे. आणि तो टाळायचा एकच मार्ग मला दिसलाय: कुणीतरी पगारी माणूस गावात जाऊन बसतो आणि मागे खांबाला टेकलेल्यांचं ऐकतो.

बरं, कायद्याचं कारण तरी सांगू नका. कंपनी कायदा 2013 चा, 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायचे. त्यातली प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. गावात प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला ती लागतच नाही. मर्यादा खरी आवळली गेली ती परदेशी निधीची. परदेशी निधीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आला, आणि मोठ्या संस्थेने तो निधी छोट्या संस्थेला देणंच बंद झालं. म्हणून तर माझ्या मैत्रिणीसारखे लोक कंपन्यांच्या दारात उभे आहेत. आणि कंपन्यांना हे माहीत आहे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो शेरा मारणारा कुणीतरी पंचविशीतला मुलगा असेल. त्याच्या साहेबांना मार्चच्या आत किती हेक्टर, किती घनमीटर, किती कुटुंबं एवढंच हवं असेल. त्याला कुणी कधी अशा बैठकीला नेलंच नसेल. एकदा न्या रे त्याला.

मावशीची गरिबी हटली का, असं कुणीतरी विचारेलच. नाही हटली. शेळ्या थोड्या वाढल्या. मुलगा ऊसतोडीला जायचा, अजूनही जातो. पण गवत कापणीची तारीख तिला विचारल्याशिवाय निघत नाही, आणि कुठल्या घराने किती भारे नेले हे तिला वहीशिवाय पाठ असतं. हे मी कुठल्या रकान्यात भरायचं ते मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही.

मैत्रीण विचारत होती, ती ओळ 'क्षमता बांधणी' म्हणून घुसडून देऊ का, सगळे तेच करतात. मी म्हटलं, नको. बैठका लिही. पगार लिही. आकडा तोच ठेव आणि परत पाठव.

उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. माझ्या यादीतले तिघे-चौघे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांवर आहेत, कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. 'छान लिहिलंयस' अशी कॉमेंट टाकू नका. इनबॉक्समध्ये या, प्रस्ताव पाठवते.