‘तारा तशाच ठेवा, बोर्ड तेवढे बदला’ : जुन्या घराच्या बेडरूमविषयीच्या एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये जुन्या घराची झोपायची खोली स्वस्तात नवी कशी करावी याविषयीचा एक सल्ला वारंवार फिरताना दिसतो. त्याचा सारांश असा : जुन्या घरातली तार अस्सल तांब्याची असते, ती बदलण्याची काहीही गरज नाही, सगळे दिवे एलईडी केले की भार इतका कमी होतो की तारांची काळजीच उरत नाही, दोन पिनी सॉकेट काढून तीन पिनी बसवावे आणि अर्थिंग नसेल तर तिसरी पिन आतल्या आत न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडावी, एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा खटका) सारखा पडत असेल तर मोठा बसवावा, अर्थिंग नसलेल्या घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारे यंत्र) निरुपयोगी असतो, आणि अंधाऱ्या जुन्या खोलीला पांढरा शुभ्र प्रकाशच योग्य. या सल्ल्यामागची तक्रार मात्र खोटी नाही. एका खोलीत दोन सॉकेट वाढवायला सांगितले की संपूर्ण घर उकलण्याचा अंदाज पुढे करणारे लोक आहेत, आणि मातीच्या भिंतींच्या घरात तो खर्च गवंड्यापासून रंगाऱ्यापर्यंत जातो. तरीही या सल्ल्यातल्या बहुतेक सूचना चुकीच्या आहेत, आणि त्यांतली एक तर जिवावर बेतणारी आहे.

पहिला दावा तारेचा. तांबे सहसा कुजत नाही हे खरे, परंतु विजेच्या तारेत तांब्याइतकेच महत्त्व त्यावरच्या आवरणाला असते. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या जुन्या वायरिंगमध्ये रबरी आवरणाच्या, वरून सुती वेष्टन असलेल्या तारा आजही सापडतात. हे रबर काळाने कडक होते आणि वाकवले की तडकते. शिवाय नुकसान सगळीकडे सारखे नसते. बोर्डापाशी तार ठणठणीत दिसते, पण छताच्या होल्डरपाशी, जिथे वर्षानुवर्षे 60 किंवा 100 वॅटचा बल्ब तापत होता, तिथे तिचे शेवटचे वीतभर आवरण भाजून निघालेले असते. नवा दिवा बसवण्यासाठी नेमके तेच टोक ओढले जाते आणि आवरण पापुद्र्यासारखे गळून पडते.

त्यातही तार तांब्याचीच असेल हे गृहीत धरता येत नाही. 1960 आणि 1970 च्या दशकांत तांबे महाग आणि दुर्मीळ असल्याने आपल्याकडे घरगुती वायरिंगसाठी ॲल्युमिनियमची तार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ॲल्युमिनियम तापल्यावर जास्त फुगते, स्क्रूखाली हळूहळू सैल होते, त्यावर वीज न वाहू देणारा थर चढतो, आणि तांब्याच्या तारेशी नुसता पीळ देऊन जोडले तर दमट हवेत तो जोड खराब होतो. नवे, चकचकीत मॉड्युलर सॉकेट अशा तारेला जोडले की तापणारा जोड सुंदर झाकणामागे जातो, एवढाच बदल होतो. ओळखताना एक गफलत टाळावी : रबरी आवरणाच्या जुन्या तांब्याच्या तारेला कथलाचा मुलामा असे, त्यामुळे तीही वरून पांढरी दिसते. म्हणून मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, टोक खरवडल्यावर आत तांबूस रंग दिसतो की नाही हे वायरमनकडून पाहून घ्यावे. आवरण तपासण्यासाठी मेगर नावाचे उपकरण असते. घरगुती वायरिंगवर 500 व्होल्टचा दाब देऊन मोजल्यावर रोध 1 मेगाओमच्या खाली आला, तर ती तार कितीही ‘अस्सल’ असली तरी कामाची नाही. ही मोजणी शक्यतो पावसाळ्यात करावी. कणकुंबी-जांबोटीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात एप्रिलमधला आकडा आणि जुलैमधला आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

एलईडीमुळे भार कमी होतो हा दुसरा दावा दिव्यांपुरता बरोबर आहे. 60 वॅटच्या बल्बइतका उजेड 9 वॅटचा एलईडी देतो. परंतु आजच्या बेडरूममधला भार दिव्यांचा नसून सॉकेटांचा असतो. 1000 वॅटच्या इस्त्रीला सव्वाचारहून किंचित जास्त ॲम्पियर लागतात, तर 2000 वॅटच्या रूम हीटरला जवळजवळ पावणेनऊ. बेळगावच्या थंडीत हा हीटर 6 ॲम्पियरच्या सॉकेटला बहुमुखी पिन लावून चालवला जातो, आणि त्याच फळीवर मोबाइल चार्ज होत असतो. 2023 मध्ये कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना लागू झाल्यापासून पात्र घरांना दरमहा ठरवून दिलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त 200 युनिटांपर्यंत, बिल येत नाही, त्यामुळे अशी उपकरणे वापरताना हात आखडत नाही. मात्र बिल शून्य झाले म्हणून तारेची क्षमता वाढलेली नसते. पाच दिव्यांवर वाचवलेले अडीचशे वॅट एका हीटरपुढे कुठेच टिकत नाहीत.

एलईडी लावल्यावर जुन्या घरातला एक दडलेला दोष मात्र उघडकीस येतो, आणि त्याबद्दल या सल्ल्यात अवाक्षर नाही. बटण बंद केल्यावरही दिवा रात्रभर मंद मिणमिणत राहतो, आणि दोष बल्बच्या कंपनीला दिला जातो. कधी बटणातला इंडिकेटर, कधी शेजारून लांबवर धावणाऱ्या तारांतून येणारा किंचित प्रवाह हे त्याचे निरुपद्रवी कारण असते. परंतु जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर बसवलेले असणे हेही नेहमीचे कारण आहे. तसे असेल तर बटण बंद असताना दिवा विझतो किंवा मिणमिणतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते. स्टुलावर चढून, जुन्या पितळी होल्डरला एका हाताने धरून बल्ब बदलणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून दिव्यांची निवड करण्यापूर्वी प्रत्येक बटण बंद करून होल्डरमध्ये फेज येते का, हे वायरमनने टेस्टरने पाहावे. काम थोड्या वेळाचे असते.

आता तिसरा दावा, ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहिले आहे. तीन पिनी सॉकेटची तिसरी, जाड पिन अर्थची असते. तिचे काम इतकेच की उपकरणाच्या धातूच्या अंगावर चुकून फेज आली, तर तिला जमिनीकडे सोपा रस्ता मिळावा आणि फ्यूज उडावा किंवा एमसीबी पडावा. ती पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडली की टेस्टर लावून पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते, इस्त्री चालते, कुणाला काही जाणवत नाही, आणि म्हणूनच हा उपाय ‘यशस्वी’ म्हणून पुढे पाठवला जातो. परंतु न्यूट्रल कुठेही तुटली, मीटरपाशी, खांबावर किंवा घरातल्याच सैल जोडात, तर चालू उपकरणातून आलेली फेज परत जायला वाट न मिळाल्याने त्या न्यूट्रलवर साचते आणि तिसऱ्या पिनेतून थेट इस्त्रीच्या, टेबल फॅनच्या, कूलरच्या पत्र्यावर येते. म्हणजे दोष उपकरणात नाही, उपकरण नवे आहे, आणि तरी त्याच्या अंगावर 230 व्होल्ट आहेत. फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडली गेली, तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे वळवाच्या पावसात फांद्या तारांवर पडणे हे दर उन्हाळ्याचे आहे. न्यूट्रल तुटणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. शहापूर-वडगाव-खासबाग भागात ज्या घरांत यंत्रमागासाठी तीन फेजची जोडणी आहे आणि खोलीची लाइन त्याच बोर्डावरून ओढलेली आहे, तिथे न्यूट्रल तुटल्यावर एखाद्या फेजवरचा दाब 230 च्या बराच वर जातो.

याच सल्ल्याचा एक पोटभेद नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याचा आहे. लोखंडी पाइपांच्या काळात तो कसाबसा चालून जाई. आता गल्लीतला किंवा परसातला पाइपाचा एखादा तुकडा बदलून पीव्हीसीचा झालेला असतो, त्यामुळे जमिनीशी संबंध तुटतो आणि दोष आलाच तर मोरीतला नळ धरणाऱ्याला तो कळतो. खरे अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड आणि तिथून प्रत्येक सॉकेटापर्यंत आलेली स्वतंत्र हिरवी तार. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही आणि रोध जास्त भरतो, म्हणून खड्डा खोल घेऊन उन्हाळ्यात त्यात पाणी सोडत राहावे लागते. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत ओल चांगली, पण उन्हाळ्यात ती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. अर्थिंग होईपर्यंत दोन पिनी सॉकेट दोन पिनीच राहू द्यावे. मोबाइलचा चार्जर, दोन पिनी टेबल लॅम्प अशी दुहेरी आवरणाची उपकरणे त्यावर चालतात. इस्त्री आणि हीटर तिथे चालवू नयेत. सॉकेटला तिसरे छिद्र दिसले की घरातला प्रत्येक जण त्यावर विसंबतो, त्यामुळे खोटे तीन पिनी सॉकेट हे खऱ्या दोन पिनीपेक्षा जास्त घातक ठरते.

एमसीबीविषयीचा दावा थोडक्यात निकाली निघतो. एमसीबी उपकरणाच्या सोयीसाठी नसून भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवर 10 ॲम्पियरचा, 2.5 च्या तारेवर 16 चा, अशी घरगुती जोडी ठेवावी. ‘मोठा’ म्हणून बसवला जाणारा 32 ॲम्पियरचा एमसीबी त्याच्या दीडपटीच्या जवळचा, म्हणजे सुमारे 46 ॲम्पियरचा प्रवाह वाहिला तरी पडायला तासाभरापर्यंत वेळ घेऊ शकतो. तेवढ्या वेळात 1.5 ची जुनी तार, तीही सागवानी तुळईला चिकटून गेलेली, कोणत्या अवस्थेत असेल हे सांगायला नको. एमसीबी सारखा पडतो तेव्हा भार वाटून द्यावा किंवा दोष शोधावा. चिनी मातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची जुनी खोड नव्या नावाने परत आली आहे, इतकेच.

आरसीसीबीविषयी सल्ला देणाऱ्याचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण नावात ‘अर्थ’ (जमिनीची जोडणी) हा शब्द नसला तरी बोलण्यात लोक त्याला अर्थ लीकेजचेच यंत्र म्हणतात. हे यंत्र अर्थिंगची तार तपासत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ते पाहते, आणि 30 मिलिॲम्पियरच्या जातीत तेवढा फरक पडण्याआधीच किंवा पडताक्षणी वीज तोडते. अर्थिंग असेल तर दोष येताच ते पडते. नसेल तर कुणीतरी त्या पत्र्याला हात लावेपर्यंत थांबते, झटका बसतो, पण वीज लगेच तुटते. म्हणजे अर्थिंग नसलेल्या घरात त्याची गरज उलट जास्त आहे, फक्त ते अर्थिंगचा पर्याय नव्हे. ‘आमच्याकडे ते सारखे पडत होते म्हणून काढून टाकले’ असे अनेक घरांत ऐकू येते. त्याचे एक ठरलेले कारण इन्व्हर्टर असते : त्याच्या लाइनची न्यूट्रल घरच्या दुसऱ्या न्यूट्रलला मध्येच कुठेतरी जोडलेली असते, त्यामुळे गेलेला आणि आलेला प्रवाह जुळत नाही. न्यूट्रल वेगळ्या केल्या की तक्रार थांबते.

उरला प्रकाश. पांढरा शुभ्र म्हणून विकला जाणारा दिवा बहुधा 6500 केल्विनचा असतो. त्यात निळा अंश जास्त असल्याने रात्री झोपेची तयारी करणाऱ्या शरीराला तो उलटा संकेत देतो. शयनगृहासाठी 2700 ते 3000 केल्विनचा उबदार प्रकाश बरा. खोली अंधारी वाटते त्याचे कारण रंग नसून प्रकाशाचे प्रमाण आणि त्याची दिशा असते. दहा बाय बाराच्या खोलीला साधारण 1800 ल्यूमेन, म्हणजे 9 वॅटचे दोन दिवे पुरतात. मात्र कौलांखालच्या काळवंडलेल्या वाशांकडे फेकलेला उजेड परत येत नाही. तो चुन्याच्या भिंतीवर पाडावा, किंवा खाली, जिथे वाचायचे तिथे द्यावा. कपाटासमोर वेगळा दिवा आणि म्हाताऱ्या माणसांसाठी जमिनीलगत मिणमिणता रात्रदिवा ठेवावा. दारापाशी आणि उशापाशी दोन्हीकडून चालणारे टू-वे बटण हा या सगळ्यांत सर्वांत उपयोगी खर्च आहे. दिव्यांच्या हौसेपायी कौलांखाली पीओपीचे छत करू नये. गळती आणि उंदरांनी कुरतडलेली तार दोन्ही त्यामागे लपतात.

संपूर्ण घर उकलावे लागेल या भीतीतून हा सल्ला जन्मला आहे, म्हणून प्रत्यक्ष किती काम लागते ते सांगणे योग्य. मातीत बांधलेल्या भिंतीला खाचा पाडूच नयेत. त्याने भिंत कमजोर होते आणि ओल तारेपर्यंत येते. भिंतीवरून पीव्हीसी केसिंग पट्टी नेली की गवंड्याची गरज राहत नाही. मीटरपाशी एक लहान वितरण पेटी, त्यात 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, तिथून बेडरूमपर्यंत दोन स्वतंत्र लाइन : दिव्यांसाठी 1.5 ची, सॉकेटांसाठी 2.5 ची, दोन्हींबरोबर हिरवी तार. खाटेच्या दोन्ही बाजूंना 6 ॲम्पियरचे शटर असलेले सॉकेट, खाटेच्या पाठीमागे दबणार नाही अशा जागी. इस्त्री-हीटरसाठी 16 चे एक, वेगळ्या बटणासह. 2019 च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले होते, तिथे सॉकेट त्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावे. मीटरनंतरची वायरिंग हेस्कॉम या वीज कंपनीची नसून घरमालकाची जबाबदारी असते, त्यामुळे हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे, बिलात तारेचा आकार आणि मेगरचा आकडा लिहून मागावा, आणि घराच्या बाकीच्या खोल्या पुढच्या सवडीसाठी ठेवाव्यात. नव्या पेटीत त्यांच्यासाठी दोन जागा रिकाम्या सोडल्या म्हणजे झाले.