प्रतिक्रियेला उत्तर: गॅसचं वेल्डिंग आणि सिलमधला गाळ

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि राग आला. सकाळी चहा घेऊन पुन्हा वाचली, तेव्हा वाटलं की तुमच्या तीन मुद्द्यांपैकी दीड मुद्दा बरोबर आहे. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका मित्रासाठी मी 1970ची फियाट 1100 डिलाइट बघायला गेलो होतो. दोन्ही सिलवर, म्हणजे दारांच्या खालच्या लांब पेटीवर, जुनी ठिगळं दिसली आणि मी "घेऊ नकोस" म्हणून सांगून आलो. लेखात वर एक वाक्यही ठोकून दिलं होतं: "जुनं वेल्डिंग दिसलं की गाडी सोडा." त्यावर काकांचं म्हणणं असं. त्यांच्या वडिलांनी मुंबईत तीस वर्षं डेंटिंगचं काम केलं, त्यांनी गॅसच्या ज्योतीने वितळवून जोडलेले पत्रे अजून टिकून आहेत, आणि माझ्यासारखे लोक सीओटूचं मशीन (विजेच्या ठिणगीने, कार्बन डायऑक्साइडच्या आडोशाने वेल्डिंग करणारं) बघून जुन्या कारागिरांना नावं ठेवतात. दुसरं, चुंबक फिरवून गाडी पारखणं हा पोरखेळ आहे. तिसरं, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून मुंबईच्या पावसात आयुष्य काढलेल्या गाडीत गंज असणारच. तो बघून नाक मुरडायचं तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊच नये.

ते वाक्य मी मागे घेतो. गॅसचा सांधा मऊ राहतो. मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून तो हातोडीने ठोकत ठोकत पत्र्याच्या पातळीला आणता येतो, आणि चांगल्या हाताचं काम असेल तर रंग काढल्याशिवाय सांधा कुठे आहे ते कळतही नाही. सीओटूचा टाका कडक. तो ग्राइंडरने घासावा लागतो, आणि घासता घासता शेजारचा पत्रा पातळ होतो. मुळात पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, त्यात घासण्यासारखं उरतं काय? तेव्हा हाताबद्दल माझी तक्रार नाही. त्या गाडीवरचं वेल्डिंगही मी वाईट म्हटलेलं नाही. उलट टाके इतके एकसारखे होते की मी फोटो काढून ठेवलेत.

आता जे लेखात लिहायचं राहिलं ते सांगतो. गेल्या महिन्यात त्या गाडीच्या मालकांनी डावं सिल कापायला काढलं आणि मला मुद्दाम बोलावलं. सिलच्या खालच्या बाजूला सुमारे वीतभर लांबीचं ठिगळ होतं, चारही बाजूंनी सलग वेल्डिंग केलेलं. कापल्यावर आतून आधी तपकिरी पापुद्रे पडले, बिस्किटासारखे, बोटात चुरणारे. मग गाळ आला. वाळून खडू झालेला, राखाडी, त्यात गवताच्या काड्या. मालक म्हणाले, 26 जुलै 2005ला गाडी सांताक्रूझला होती, सीटपर्यंत पाण्यात. त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. पुरानंतर सिलचा सडलेला भाग काढून कोणीतरी ते ठिगळ मारलं. मी ठिगळ उलटं करून जुन्या पत्र्याच्या काठाशी लावून पाहिलं, तर काठावर अर्धगोल खाच होती. पाणी निथळायचं भोक होतं ते! ठिगळ बरोबर त्याच्यावर बसलेलं.

म्हणजे बघा, टाका एकही सुटला नव्हता. सुटला असता तर बरं झालं असतं, पाणी तरी बाहेर गेलं असतं.

लेखात मला हेच म्हणायचं होतं आणि मी घाईत भलतंच लिहिलं. टाका सहसा टिकतो. जातो तो टाक्याच्या शेजारचा पत्रा. गॅसची ज्योत 3000 अंशांच्या वर तापते आणि पत्र्यावर ती बराच वेळ धरावी लागते, त्यामुळे पलीकडच्या बाजूचा रंग, प्रायमर, सगळं वीतभर जळून जातं. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. आतून कोण मारणार? पेटी बंद झालेली असते. त्यातून ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून लावलेलं असेल तर दोन पत्र्यांच्या फटीत ओल धरून राहते, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्यामुळे पत्रे एकमेकांपासून फुगून उशी होते. काठाला काठ लावून जोडलेलं असेल तर ही फट राहत नाही. म्हणून आता मी ठिगळ किती जुनं आहे हे विचारत नाही. ते चढवून लावलंय की काठाला काठ, आतून काही लावलंय का, आणि पाणी कुठून जातं, एवढं बघतो.

चुंबकाबद्दल अर्धा मुद्दा तुमचा. चुंबक धरत नाही म्हणजे खाली लांबीच आहे असं मी लिहिलं, ते चूक. जुन्या कामात खड्डे शिशाने भरलेले असतात, सांधे पितळाच्या सळईने झाळलेले असतात, आणि चुंबक या दोन्हींना धरत नाही. शिशाचं काम म्हणजे बऱ्याचदा उत्तम काम. पितळाचं मात्र मला भय वाटतं. त्यात पत्रा वितळत नाही, पितळ नुसतं दोन पत्र्यांना धरून ठेवतं. मडगार्डच्या काठाला ते चालेल. पण पितळ नीट धरावं म्हणून लावलेला टाकणखार नीट धुतला नसेल तर काचेसारखा तिथेच चिकटून राहतो, ओल ओढतो आणि त्यावरचा रंग पोपडे धरून निघतो. पुढे तिथेच कोणाला वेल्डिंग करायचं झालं तर पितळाचा कण न् कण काढावा लागतो, नाहीतर नवा टाका तडकतो. सोनाराच्या दुकानातली वस्तू गाडीच्या बुडाखाली अशी भेटते, याची मला गंमत वाटते.

तरी चुंबक मी टाकून देणार नाही. पातळ फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या काठावरून सरकवत नेला की तो कुठे ढिला पडतो ते हाताला कळतं. पुढचं काम टिचकीचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीचं. रंगाखाली साबुदाण्याएवढे फोड असतील तर तिथे मी हमखास दाबून बघतो, कारण तो गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. बुडाला ताजं डांबर फासलेलं असेल तर मालकाला विचारूनच खरवडतो. नको म्हणाले, तर उत्तर मिळालं.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. गंज असणारच, कबूल. पण तो कुठे आहे? या फियाटला वेगळी शॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बुडाचा पत्रा, दोन सिल, दारांचे खांब आणि छत मिळून गाडी उभी राहते. बॉनेटला, डिकीच्या झाकणाला हवा तेवढा गंज असू द्या, पत्रा बदलता येतो. सिल, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला धरतात ती जागा, पुढच्या सस्पेन्शनच्या मुळाचा पत्रा, इथला गंज म्हणजे वाशाला लागलेली वाळवी. त्या गाडीच्या सिलखाली लाकडी ठोकळा ठेवून मी जॅक लावला होता. चाक सुटायच्या आधी ठोकळा पत्र्यात रुतायला लागला, आणि मागचं दार, जे खाली असताना एका बोटाने लागत होतं, ते खांबाला घासून अडलं. जॅक उतरवला, दार पुन्हा लागलं. "घेऊ नकोस" मी त्यावर म्हटलं होतं, ठिगळावर नाही. लेखात ठिगळाचा फोटो टाकला आणि दाराचा टाकला नाही, हा माझा आळस.

आणखी एक, कारण खाली दोघांनी विचारलंय. 2021च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी आणि शॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनात फेरफार नको असं आहे. तेव्हा सिल बदलायचं तर मूळ आकाराचंच बनवून घ्या, आणि जुना तुकडा फेकू नका, फोटोसकट जपून ठेवा.

राहिला तुमच्या वडिलांचा विषय. तुम्ही लिहिलंत की ते तापून फुगलेला पत्रा "बसवायचे". मला हे खरंच शिकायचंय. मी लाल होईपर्यंत तापवतो, ठोकतो आणि ओल्या फडक्याने विझवतो, पण दारासारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर एक फुगा बसला की शेजारी दुसरा उठतो. ते मधून बाहेर यायचे की काठाकडून आत? आणि तापवलेल्या दोन डागांमध्ये किती अंतर सोडायचे, काही आठवतंय का?