तिथले प्रेक्षक सामना जिंकून देत नाहीत

फुटबॉलमध्ये कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा सामना आठवड्यावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. क्लबांची नावं बदलतात, देश बदलतो, पण सूर तोच. "तिथे अकरा विरुद्ध अकरा नसतंच. प्रेक्षक हा त्यांचा बारावा खेळाडू आणि रेफरी तेरावा. पहिली वीस मिनिटं कशीही काढा, वादळ ओसरू द्या. असल्या सामन्यात फॉर्मबिर्म चालत नाही. इतिहास बघा, तिथे भलेभले गारद झालेत. बरोबरी मिळाली तरी जिंकल्यासारखंच समजा." सोबत लाल फ्लेअरच्या धुरात बुडालेल्या स्टँडचा एखादा फोटो. पुढे पाठवणाऱ्यांत खेळ कळणारी मंडळीही असतात, म्हणून एकेक वाक्य धरून बोलतो.

"प्रेक्षक हा बारावा खेळाडू."

यजमान जास्त जिंकतात हे खरंच आहे आणि त्यात प्रेक्षकांचा वाटाही आहे. प्रश्न आहे तो किती मोठा, याचा. 2020 पर्यंत यावर नुसताच वाद घालता येत होता. मग कोविड आला आणि स्टेडियमं रिकामी झाली. 16 मे 2020 ला जर्मनीची अव्वल साखळी बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली तीच डॉर्टमुंड आणि शाल्के या हाडवैऱ्यांच्या सामन्याने. एरवी ऐंशी हजार माणसं गर्जत असतात तिथे चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ऐकू येत होता. पुढचा 2020-21 चा प्रीमियर लीग मोसम जवळजवळ पूर्ण बंद दाराआड झाला. त्यात 380 पैकी 153 सामने पाहुण्यांनी जिंकले आणि 144 यजमानांनी. इंग्लंडच्या अव्वल साखळीत 1888 पासून असं कधी झालं नव्हतं.

"बघा, आमचंच सिद्ध झालं," असं मजकूरवाले म्हणतील. सिद्ध एवढंच झालं की प्रेक्षकांनी पारडं हलतं. किती हलतं ते युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, आकड्यांत आहे. 2021 मध्ये 'अवे गोल'चा नियम (दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे) रद्द करताना युएफाने सांगितलं की युरोपीय स्पर्धांत यजमान आता सामन्याला सरासरी 1.58 गोल करतात आणि पाहुणे 1.15. फरक अर्ध्या गोलाहून कमी. आणि त्यात प्रवासाचा शीण, ओळखीचं गवत, स्वतःची ड्रेसिंग रूम, सगळं आलं. तुमचा बारावा खेळाडू म्हणजे त्या अर्ध्या गोलातला एक हिस्सा. एका बऱ्या लेफ्ट बॅकच्या दुखापतीने याहून जास्त नुकसान होतं, पण त्याबद्दल मजकुरात चकार शब्द नसतो.

आता सगळ्यांचं लाडकं उदाहरण, लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. त्याच शहरातल्या एव्हर्टनला तिथे 1999 नंतर विजय मिळत नव्हता. तो मिळाला 20 फेब्रुवारी 2021 ला, रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर, 2-0 असा. निष्कर्ष तयारच होता: प्रेक्षक गेले आणि किल्ला पडला. पण त्याच मोसमाची सुरुवात आठवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर याच रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने लीड्स, आर्सेनल, शेफील्ड युनायटेड, वेस्ट हॅम आणि लेस्टर या सगळ्यांना हरवलं होतं. स्टँड तितकेच रिकामे होते. मधल्या काळात गेली ती बचावफळी. व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला, मग गोमेझ, मग मातिप. एव्हर्टनविरुद्ध मधल्या बचावात कोण होतं? नुकताच उसना आलेला काबाक, आणि त्याच्या शेजारी हेंडरसन, जो मुळात मिडफिल्डर. तिसऱ्याच मिनिटाला हामेस रॉड्रिगेझने या दोघांच्या पलीकडे चेंडू सरकवला, रिचार्लिसन धावत सुटला आणि गोल. अर्ध्या तासाच्या आसपास हेंडरसनही लंगडत बाहेर गेला. असा गोल खायला रिकामं स्टेडियम लागत नाही. भरलेल्या अ‍ॅनफिल्डवरही रिचार्लिसन तिथून धावलाच असता.

एक गोष्ट मात्र मजकूरवाल्यांच्या बाजूने. मिलानचे दोन्ही क्लब सान सिरोवरच खेळतात. त्यांच्या डर्बीत, म्हणजे आपसातल्या सामन्यात, प्रवास नाही आणि अनोळखी मैदानही नाही, बदलतं ते एवढंच की जास्त तिकिटं कोणाच्या पाठीराख्यांकडे. अशा एकाच मैदानावरच्या डर्बींचा अभ्यास झालाय आणि नावापुरत्या यजमानालाही तिथे थोडा फायदा मिळतो असं दिसलंय. म्हणजे आवाजाचं काम खरं आहे. तो काम करतो कुठे, हे पुढच्या मुद्द्यात.

"रेफरी तेरावा."

इथे मजकूर अर्धा बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच त्याचा पहिला मुद्दा लंगडा पडतो. कारण प्रेक्षकांचा परिणाम तुमच्या स्ट्रायकरच्या पायांपेक्षा शिट्टीवर जास्त होतो.

2002 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. इंग्लंडमधल्या 40 पात्र रेफरींना अ‍ॅनफिल्डवरच्या लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले 47 टॅकल व्हिडिओवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. प्रत्येक टॅकलवर फाऊल की नाही, एवढंच सांगायचं. आवाज ऐकणाऱ्यांनी लिव्हरपूलविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्यांविरुद्ध मात्र त्यांनी फारसे जास्त दिले नाहीत. म्हणजे रेफरी पाहुण्यांवर तुटून पडत नाही, यजमानांवर शिट्टी वाजवताना कचरतो. विकला गेलेला रेफरी असा वागत नाही. हजारोंनी एकदम "ओऽऽ" केलं की क्षणभर शंका खाणारा माणूस असा वागतो.

स्पेनच्या लीगमध्ये भरपाई वेळेचा हिशोब मांडला गेला तेव्हाही हेच दिसलं. यजमान एका गोलाने मागे असले की रेफरी जी वेळ वाढवायचे, ती यजमान एका गोलाने पुढे असतानाच्या जवळजवळ दुप्पट असायची. इटलीत फेब्रुवारी 2007 मध्ये कातानिया-पालेर्मो सामन्याच्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला, त्यानंतर सुरक्षेच्या अटी पूर्ण न करणाऱ्या स्टेडियमांत काही सामने प्रेक्षकांविना खेळवले गेले. अभ्यासकांनी ते तपासले. खेळाडूंच्या कामगिरीत फरक सापडला नाही. रेफरींच्या वागण्यात सापडला: पाहुण्यांना मिळणाऱ्या कडक वागणुकीची धार बोथट झाली होती.

तर मग "रेफरी त्यांचाच" म्हणत आधीच हात वर करायचे का? हा कल दिसतो तो पन्नास-पन्नास निर्णयांत, म्हणजे जे कुठल्याही बाजूला जाऊ शकतात अशा. उघड चुकीला तो वाचवत नाही. 22 मार्च 2015, पुन्हा अ‍ॅनफिल्ड, समोर मँचेस्टर युनायटेड. स्टीव्हन जेरार्ड मध्यंतरानंतर मैदानात उतरला आणि 38 सेकंदांत एरेराच्या पायावर पाय दिल्याबद्दल लाल कार्ड घेऊन परतला. यजमानांचा कर्णधार, तोही घरच्या गर्दीसमोर. युनायटेडने सामना 2-1 जिंकला. वातावरण तापतं तेव्हा ते यजमानांच्याही डोक्यात जातं, हे मजकूर लिहिणाऱ्याला कधी सुचत नाही. एका इंग्लिश संघाच्या खेळाडूंच्या लाळेचे नमुने तपासले तेव्हा घरच्या सामन्याआधी त्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आढळलं, आणि समोर कट्टर वैरी असला की आणखीच. संघ लहान, नमुने थोडे, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. पण जेरार्डचे ते 38 सेकंद पाहिले की पटतं.

यातून पाहुण्या प्रशिक्षकाने घ्यायचं ते अगदी व्यवहाराचं आहे. आपल्या पेनल्टी बॉक्सच्या आसपास पन्नास-पन्नास निर्णय होऊच देऊ नयेत. मागून पाय घालायचा नाही, शर्ट ओढायचा नाही. आणि त्यासाठी चेंडू आपल्या बॉक्सपासून लांब ठेवायचा. इथेच तिसरा मुद्दा कोसळतो.

"पहिली वीस मिनिटं तग धरा."

हा सल्ला अनुभवी वाटतो, पण मला तो सगळ्यात घातक वाटतो. पहिली गोष्ट, फुटबॉलमध्ये पहिल्या पाव तासात सगळ्यात कमी गोल होतात आणि शेवटच्या पाव तासात सगळ्यात जास्त. 'वादळ' सुरुवातीला येतं ते कानांना, स्कोअरबोर्डला नाही. दुसरी गोष्ट, दहा जण मागे खेचले की चेंडू परत परत तुमच्याच बॉक्सपाशी येणार. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, आणि प्रत्येकावर गर्जना. जी गर्दी तुम्हाला गप्प करायची होती तिला तुम्हीच दर मिनिटाला ओरडायला कारण पुरवता.

2 मे 2009 चा बर्नाबेऊवरचा, म्हणजे रिअल माद्रिदच्या घरचा, बार्सिलोनाविरुद्धचा सामना बघा. रिअल माद्रिद महिनोन्‌महिने लीगमध्ये हरलेलं नव्हतं, विजेतेपदाची शर्यत जिवंत होती, आणि चौदाव्या मिनिटाला हिग्वेनने हेडर मारून 1-0 केलं. मजकुराप्रमाणे आता बार्सिलोनाने चिलखत घालून बसायला हवं होतं. चार मिनिटांत ऑन्रीने बरोबरी केली, आणखी दोन मिनिटांत पुयोलने आघाडी दिली. पण त्या दिवसाचं खरं काम वेगळंच होतं. बार्सिलोनाचा प्रशिक्षक गार्डिओलाने एटोला उजवीकडे पाठवून मेस्सीला मधोमध आणला, तोही पुढे न ठेवता थोडा मागे. कन्नावारो आणि मेट्झेल्डर या बचावपटूंना कळेना की त्याच्या मागे जायचं की जागा धरायची. मागे गेले तर पाठीमागे मैदान मोकळं, न गेले तर मेस्सी मोकळा. निकाल 2-6. त्या संध्याकाळचं चित्र ठरलं एका जागेच्या बदलाने, आणि सामन्याआधी लिहायचंच असेल तर असल्या गोष्टींवर लिहावं.

पाहुण्यांनी लवकर गोल केला की आणखी एक होतं. घरची गर्दी अस्वस्थ होते आणि मग तिचा रोख स्वतःच्याच संघाकडे वळतो. 2014 च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंतेला जर्मनीने अर्ध्या तासाच्या आत पाच गोल केले, तेव्हा ब्राझीलच्या पाठीराख्यांनी आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवली. नोव्हेंबर 2005 मध्ये बर्नाबेऊवर बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होचा दुसरा गोल झाल्यावर माद्रिदचेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बारावा खेळाडू संघ बदलूही शकतो तर!

"फॉर्मला किंमत नसते."

यावर फार वेळ घालवत नाही. एव्हर्टनला वीस-एकवीस वर्षं अ‍ॅनफिल्डवर जिंकता आलं नाही कारण त्यातली बहुतेक वर्षं लिव्हरपूलचा संघ सरस होता. ऑक्टोबर 2011 मध्ये मँचेस्टर सिटी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर 6-1 जिंकली ती अव्वल स्थानावर असताना, आणि त्या मोसमाचं विजेतेपदही तिनेच पटकावलं. डर्बीतले उलटफेर लक्षात राहतात कारण ते उलटफेर असतात.

"इतिहास बघा, आणि बरोबरी म्हणजे विजयच."

हे दोन एकत्र घेतो, कारण दोघांना एकच सामना पुरतो. फ्लेअरचा जो फोटो फिरतो तो बऱ्याचदा इस्तंबूलचा असतो, आणि त्यासोबत 1993 ची गोष्ट: गलातासरायने 'नरकात स्वागत' म्हणत मँचेस्टर युनायटेडला चिरडलं. चिरडलं वगैरे काही नाही. इस्तंबूलमधला सामना 0-0 सुटला. युनायटेड स्पर्धेबाहेर गेलं ते आधी ओल्ड ट्रॅफर्डवर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, 2-0 ने पुढे असूनही 3-3 करून घेतल्यामुळे. अवे गोलचा नियम आड आला. म्हणजे त्यांना 'नरकात' हवीहवीशी बरोबरी मिळाली आणि तिनेच घरी पाठवलं.

बाकी इतिहासाबद्दल युएफाचेच आकडे पुन्हा. 1970 च्या दशकाच्या मध्यात यजमान 61 टक्के सामने जिंकायचे, 2021 पर्यंत ते सुमारे 47 वर आलं. पाहुण्यांचे विजय 19 टक्क्यांवरून 30 वर आलेत. मैदानं एकसारखी झाली, प्रवास सुखाचा झाला, रेफरींच्या मदतीला व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा व्हीएआर आला. आजोबांच्या काळातला धाक आजच्या सामन्याच्या अंदाजात धरायचं कारण नाही.

लीगमध्ये तर बरोबरीचं गणित आणखी सरळ आहे. विजयाला तीन गुण असतात. अशा तीन मैदानांवर तीन बरोबऱ्या केल्यात तर तीन गुण, आणि एक जिंकून दोन हरलात तरी तीनच. दोन जिंकलेत तर सहा. जिंकायला जाण्यात धोका वाटतो तेवढा नाही.

"आपणही घरी तसंच नरक करून दाखवू."

हे शेपूट हल्ली मजकुराला जोडलेलं असतं. मे 2015 मध्ये ब्युनोस आयर्सला कोपा लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेचा बोका ज्युनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट सामना बोकाच्या बोम्बोनेरा मैदानावर होता. पहिला टप्पा रिव्हरने 1-0 जिंकलेला, इथे मध्यंतराला 0-0. बोकाला हवा होता एक गोल आणि हातात होती 45 मिनिटं. रिव्हरचे खेळाडू दुसऱ्या अर्धासाठी बोगद्यातून बाहेर येत असताना कोणीतरी त्यांच्यावर डोळे जाळणारा फवारा मारला. सामना थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. बोकाला स्पर्धेतून बाद केलं गेलं, आणि त्या वर्षीचा चषक रिव्हर प्लेटने उचलला.