आठ कप्तान, एक तांडेल

चार जोडप्यांची सहल भांडणाशिवाय पार पडली की लोक श्रेय मैत्रीला देतात. खरं श्रेय जमिनीला आहे. महाबळेश्वरला कुणाचं कुणाशी वाजलं की एक जोडपं "तुम्ही व्हा पुढे, आम्ही जरा पडतो" म्हणून खोलीवर जातं, दुसरं बाजारात चपला बघत हिंडतं, आणि संध्याकाळी मक्याचं कणीस खाताना सगळे पुन्हा एक होतात. शिडाच्या बोटीवर ही सोय नाही. पंचेचाळीस फुटी कॅटामरानवर, म्हणजे जोडहोडीवर, रुसून जायचंच म्हटलं तर दोन होड्यांमधल्या पुढच्या जाळीवर जाऊन बसता येतं, आणि तिथे बसलं तरी मागे आपल्याबद्दल काय बोलतात ते शब्दन् शब्द ऐकू येतं. म्हणून बोटीवरची सगळी भांडणं निघायच्या आधीच, जमिनीवर, व्हॉट्सॲपवर उरकून घ्यावी लागतात. सध्या आमचं तेच चालू आहे.

ही वळवळ डॉक्टरच्या डोक्यातली. डॉक्टर म्हणजे दातांचा. ठाण्यात त्याचा दवाखाना जोरात चालतो, त्यामुळे 'आयुष्य एकदाच मिळतं' हे वाक्य त्याला परवडतं. त्याने सेशेल्स काढलं. आफ्रिकेच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या चारेक अंश खाली, ११५ बेटांचा देश. मुंबईहून थेट विमानाने साडेचार तासांच्या आसपास, आणि आपल्या पासपोर्टला व्हिसा नाही, नुसती ऑनलाइन परवानगी. माहे बेटावर बोट भाड्याने घ्यायची, प्रास्लिन, क्युरियूज, ला दीग असं आठवडाभर हिंडायचं आणि रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकून झोपायचं. तिथलं चलनही रुपयाच आहे हे वाचून आमच्या सीएचा चेहरा उजळला होता. मग त्याला कळलं की तिथला एक रुपया घ्यायला आपले पाच-सहा मोजावे लागतात आणि बोटीचं भाडं तर सरळ युरोतच सांगतात. तेव्हापासून तो ग्रुपवर बोलत नाही, फक्त एक्सेल शीट टाकतो.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तारकर्लीवाला असतो. आमच्यात तो मीच, कारण माझी सासुरवाडी मालवणची. "तोच समुद्र, तेच नारळ, आणि सुरमई आपल्या ओळखीची," असं मी एकदा लिहून पाहिलं. त्यावर माझ्याच बायकोने हसण्याचा इमोजी टाकला, तेव्हा तो विषय मिटला.

जायचं कधी, यावर मात्र खरी रणधुमाळी झाली. वाऱ्याचं गणित सोपं आहे. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोरदार वारे येतात आणि समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा, सोबत पाऊस. मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर काय ते शांत. पण सेशेल्सचा वारा कालनिर्णय बघून वाहत नाही. सप्टेंबरात पितृपक्ष लागला की नवीन कशाचाही नारळ फोडायचा नाही, पुढे नवरात्र, त्यापुढे दिवाळी. ऑक्टोबरपर्यंत सीए ऑडिटच्या फायलींखाली गाडलेला. राहिला एप्रिल, तर त्यात दोन भाच्यांची लग्नं. शिवाय शांत समुद्राची एक गंमत असते, ती जाहिरातीत सांगत नाहीत. समुद्र शांत म्हणजे वारा नाही, आणि वारा नाही म्हणजे शीड नुसतं फोटोपुरतं वर, बोट चालणार डिझेलवर. उलट आग्नेय वाऱ्यात बोट मस्त धावेल, पण निम्मी मंडळी बादलीत तोंड घालून बसतील. डिझेलचा खर्च की ॲव्होमिनचा, असं मतदान घेतलं. डिझेल जिंकलं. तारीख एप्रिलच्या अखेरीची ठरली, एका भाच्याचं लग्न होऊन गेल्यावर आणि दुसऱ्याच्या आधी.

मग बोट चालवणार कोण? आमच्या चौथ्या मित्राने पूर्वी कधीतरी मुंबईत शनिवार-रविवारचा शिडाच्या होडीचा कोर्स केला होता. त्या होडीत दोन माणसं मावत आणि तिसरं बसलं की ती कलंडे, पण तेव्हापासून आम्ही त्याला कॅप्टन म्हणतो आणि तोही ओ देतो. त्याचं म्हणणं, बोट नुसती भाड्याने घ्यायची, माणूसबिणूस नको, मी आहे ना. कंपनीने त्याच्याकडे परवान्याची प्रत आणि अनुभवाचा तक्ता मागवला. किती सागरी मैल, केवढी बोट, नांगरावर किती रात्री, कप्तान म्हणून की खलाशी म्हणून. कॅप्टन संध्याकाळभर तो तक्ता भरत बसला. 'कॅटामरानचा अनुभव' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: गेटवे ते मांडवा, अनेकदा. आता गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरानमध्ये आम्हीही अनेकदा बसलो आहोत. अलिबागला जाणारं अख्खं ठाणे बसलेलं आहे. कंपनीचं उत्तर अतिशय सभ्य होतं. आपल्या सर्वांच्या आनंदासाठी आम्ही स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, घेण्याची शिफारस करतो, असं.

कॅप्टन दुखावला. डॉक्टरने समजूत घातली, "अरे, कोकणातसुद्धा मचव्यावर तांडेल असतोच की. मालक काय स्वतः सुकाणू धरतो?"

"मग मी काय करू?"

"तू टोपी घाल."

तांडेल ठरला आणि नवा पेच आला. त्याची रोजची फी वेगळी, त्याचं जेवण आपल्याकडे आणि त्याची झोपायची सोयही आपल्याच बोटीत. बोटीला केबिन चार, जोडपी चार. तांडेलासाठी अगदी पुढे, नाळेत म्हणजे बोटीच्या टोकात, एक खोपटं असतं. त्यात वरच्या झाकणातून उतरायचं, आत एक माणूस आडवा होईल एवढीच जागा. त्याचा फोटो ग्रुपवर आल्यावर सगळ्या बायकांचा जीव त्या न पाहिलेल्या माणसासाठी कळवळला. "बिचारा दिवसभर आपल्यासाठी राबणार आणि रात्री त्या भोकात?" डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, आमची केबिन द्या त्याला, आम्ही बाहेर झोपू. डॉक्टरने तो मेसेज वाचला, पण त्यावर अंगठा काही दाखवला नाही.

उरलेल्या चार केबिनची वाटणी सोपी असायला हवी होती. पण पुढच्या दोन केबिनना रात्रभर बाहेरून लाटांच्या थपडा बसतात आणि मागच्या दोनांच्या शेजारी इंजिन. शेवटी चिठ्ठ्या काढल्या. आम्हाला पुढची डावी आली. बायको म्हणाली, लाटा चालतील, पण डोकं कुठल्या दिशेला येतं?

माझी बायको वास्तुशास्त्र मानत नाही. फक्त दक्षिणेकडे पाय करून झोपत नाही. मी नकाशा उघडला आणि तेवढ्यात कॅप्टनने, टोपी सार्थकी लावायची म्हणून, समजावून सांगितलं की नांगरलेली बोट एका जागी असते पण एका दिशेला नसते. नांगर नाळेला बांधलेला, त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे बोट तोंड फिरवते. आणि एप्रिलमधला वारा तर धरसोड वृत्तीचा. झोपताना पूर्वेला असलेलं डोकं पहाटे कुठेही असू शकतं. "म्हणजे दर दोन तासांनी गजर लावून उशी फिरवायची का?" तिने विचारलं, आणि ती चेष्टा करत नव्हती. प्रकरण मालवणला सासूबाईंकडे गेलं. त्यांचे वडील गलबतावर होते. त्यांनी फोनवरच निकाल दिला की झोपताना जी दिशा असेल ती आपली, पुढची वाऱ्याची. उच्च न्यायालयसुद्धा इतकं झटपट निकालात काढत नाही.

पाण्याच्या प्रश्नाने मात्र सीएला पुन्हा कंठ फुटला. बोटीच्या टाकीत गोडं पाणी ६०० लिटर. आपण आठ आणि तांडेल नववा, दिवस सात. माणशी रोज साडेनऊ लिटर. अंघोळ, दात, भांडी, तांदूळ धुणं, सगळं त्यात. आमच्या घरी नळाला पाणी नाही आलं तरी यापेक्षा जास्त पाणी लागतं, कारण मग ते आलं का हे बघायला नळ उघडे ठेवतात. समुद्रातच साबण लावून डुबकी मारायची आणि मग वरून तांब्याभर गोडं पाणी घ्यायचं, असा कंपनीचा सल्ला. त्यावर "मिठाचं अंग घेऊन झोपायचं?" असे तीन वेगवेगळे मेसेज एकाच मिनिटाला आले.

त्याच माहितीपत्रकात बोटीच्या संडासाचे नियम होते. आधी खाल्लेलं सोडून आत दुसरं काही टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही, नाहीतर पंप तुंबतो आणि तो साफ करायची पाळी कुणावर तरी येते. हे वाचून युरोपातले लोक म्हणे घाबरतात. आमच्याकडे आनंदीआनंद. कागद इथे वापरतोय कोण? पण मग जेटचं काय? फोटोत बेसिनच्या नळाला खेचून बाहेर काढता येणारा हँडशॉवर दिसत होता. डॉक्टरने तो फोटो मोठा केला, दातांचा एक्स-रे बघावा तसा बघितला आणि कंपनीला विचारलं की ही नळी बेसिनपासून नेमकी कुठपर्यंत पोचते. उत्तर आलं, शॉवर घेण्यापुरती पोचते. यावर अजून खल सुरू आहे.

सामानाचं थोडक्यात सांगतो. कडक बॅगा नेता येत नाहीत, कारण रिकामी झाल्यावर घडी होऊन पलंगाखाली जाईल अशीच पिशवी बोटीत मावते. चाकांच्या नव्या बॅगांचा जो सेट दिवाळीत सवलतीत घेतला होता तो परत माळ्यावर गेला आणि माळ्यावरच्या रेग्झिनच्या थैल्या खाली आल्या.

एके रात्री सीएच्या बायकोला फेरीचं वेळापत्रक सापडलं. "माहेहून प्रास्लिनला फेरी तासाभरात जाते. आपल्याला किती लागणार?"

अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. आपली बोट रमतगमत, ताशी नऊ किलोमीटर. कॅप्टनने सांगितलं, "पाच तास. सहाही लागतील."

"तेवढ्या वेळात करायचं काय?"

"प्रवास."

"नाही, ते झालंच. पण करायचं काय?"

याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही. वर आणखी एक भानगड. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, आणि अंधाराच्या आत बोट नांगरलेली हवी हा कंपनीचा नियम. म्हणजे हाताशी वेळ ठेवून सकाळी नऊला निघायला हवं. आमचा ग्रुप लोणावळ्याला जाताना सकाळी सातला निघायचं ठरवतो आणि अकरा वाजता पहिल्या घरून दुसऱ्या घरी चहाला पोचतो.

प्रास्लिनला जायचं कारण मात्र सगळ्यांना पटलं आहे, दर्यानारळ. त्याची झाडं निसर्गतः फक्त प्रास्लिन आणि क्युरियूज या दोनच बेटांवर उगवतात. वनस्पतींच्या जगातली सर्वांत जड बी ती. त्या बेटांचा पत्ता लागायच्या आधी ही फळं मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्यांकडे तरंगत यायची, म्हणून लोक समजायचे की झाड समुद्राच्या तळाशी असणार. फकिरांच्या हातातलं ते काळं भिक्षापात्र याच नारळाचं. डॉक्टरीणबाईंना त्यातला एक दिवाणखान्यात ठेवायला हवा आहे. परवानगीच्या कागदाशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचं वजन सहज पंधरा-वीस किलो भरतं, हे सांगून झालं. मग त्यांनी त्याचा फोटो नीट मोठा करून पाहिला, त्याचा आकार पाहिला, आणि दिवाणखान्याऐवजी आतली खोली ठीक राहील म्हणाल्या.

आता फक्त जेवणाचा फॉर्म भरायचा आहे. कंपनी विचारते काय खाता, काय चालत नाही, काय आधी भरून ठेवू. ताजी फळं, भाज्या, बियाणं त्यांच्या देशात नेता येत नाही, पण भाजणी, मेतकूट, कोकम यांची पाकिटं चालतील का, हे विचारणारं पत्र गेलं आहे. दोघं शाकाहारी, एकाची संकष्टी, मला रोज मासे. या सगळ्याच्या खाली एक रकाना आहे, स्किपरसाठी काय? तिथे येऊन सगळे थांबले. त्या माणसाला पोहे चालतील का? आमटी तिखट झाली तर? पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखं नको व्हायला. शेवटी कॅप्टनने कंपनीकडून निरोप पाठवून त्यालाच विचारलं, तुम्ही काय खाता?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: भात, डाळ आणि मासे, बरोबर थोडी चटणी. रोज तेच असलं तरी चालेल.

ग्रुपवर पाच मिनिटं टाळ्यांचे इमोजी पडत होते. मग कुणीतरी लिहिलं, नऊ माणसांच्या भाताला पाच लिटरचा कुकर पुरेल का? त्यावर सध्या मतदान चालू आहे, आणि सीएने साडेनऊ लिटरमधून तांदूळ धुवायचं पाणी किती जातं त्याची नवी शीट टाकली आहे.